असानकानचा चोरखटका

नारिनमध्ये गाडीला चोरखटका, म्हणजे चोराला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून बॅटरीची वीज तोडणारा लपवलेला खटका, बसवायचा तर असानकानकडेच जायचं, आणि तो खटका कुठे बसवलाय हे विचारायचं तर कुणाकडेही.

दोष कामात नव्हता, रीतीत होता. घरात नवं काही आलं, मग ती सून असो, बाळ असो की शिवणयंत्र, लोक ते पाहायला येतात आणि पाहिल्याबद्दल काहीतरी हातावर ठेवतात. याला कोरुमदुक म्हणतात. भेट आणणाऱ्याला वस्तू न दाखवणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. त्यामुळे ज्या खटक्यापायी असानकान अर्धा दिवस गाडीखाली उताणा पडलेला असे, तो आठवड्याभरात अकरा घरांनी मिठाई देऊन पाहिलेला असे. एका मालकाने तर चोरालाही दाखवला होता. चोराने टरबूज आणलं होतं.

कालीपा सुईण तिची जुनी निवा गाडी घेऊन आली तेव्हा त्या हिवाळ्यात बॉनेटखालची बॅटरी दुसऱ्यांदा चोरीला गेली होती. "मागच्या खेपेला मी पोचायच्या आधी बाळ पोचलं," ती म्हणाली. "आई कशीबशी वाचली. पुढचीचा भरवसा मी देत नाही."

असानकानने नवी बॅटरी मागच्या सीटखाली नेली. लोखंडी पेटीत बोल्टने आवळली, पेटीतून वाफ बाहेर जायला नळी काढली, बॅटरीलगत मोठा फ्यूज घातला आणि जाड तांब्याची केबल रबरी नळीतून पुढे इंजिनापर्यंत आणली. मग हात पुसत म्हणाला, "ताई, आता खटका बसवतो, पण तो कुणाला दाखवायचा नाही."

"नणंद आली तर?"

"नाही."

"भेट घेऊन आली तर?"

असानकानने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

म्हणून त्याने दोन खटके बसवले. ड्रायव्हरच्या सीटखाली एक लाल खटका. तो फिरवला की छोटा दिवा लागतो. बाकी काही होत नाही. हा दाखवायचा. बॅटरीची वीज खरोखर तोडणारा दुसरा कुठे आहे ते त्या दोघांनाच माहीत आहे, आणि इथेही ते लिहिलेलं नाही.

लाल खटका आठ दिवसांत सगळ्यांनी पाहिला. असानकानची बायको बातमासुद्धा रुमाल देऊन पाहून आली. "सीटखाली? तिथे तर कुणीही हात घालील. वय झालं तुमचं."

असानकानने चहा संपवला. कप जरा जोरात ठेवला, इतकंच.

वसंतात एका दुपारी कालीपा वरच्या गावात बाळंतपणाला गेली. खरा खटका बंद करून ती बाळंतिणीच्या घरात शिरली आणि थोड्या वेळाने टोपीवाला एक माणूस गाडीत बसला. त्याने सराईतपणे लाल खटका फिरवला, दिवा लागला, वायरी जोडल्या. गाडी ढिम्म. वाटेत अडकलेला पाहुणा दिसल्यावर गावाने जे करायचं ते केलं. चौघांनी गाडी उतारावर दोनदा ढकलली, एका म्हातारीने त्याला वाडगाभर ताक दिलं. तिसऱ्यांदा ढकलताना कालीपा बाह्या सरसावलेल्याच बाहेर आली.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "माझी गाडी कुठे नेताय?"

चौघांनी टोपीवाल्याकडे पाहिलं. तो भिंतीपलीकडे गेला होता, वाडग्यासकट.

गाडी वाचली म्हणून कालीपाने मेंढा कापला. जेवताना श्रेयाची वाटणी झाली. थोडं पंक्तीत बसलेल्या थोरल्या आजोबांच्या आशीर्वादाला, बरंचसं इंजिनाच्या म्हातारपणाला.

"खटक्याचं म्हणाल तर त्याने तो फिरवला, दिवाही लागला," कालीपाचा दीर म्हणाला. "गाडीच बिघडलेली होती. असानकान, काम कच्चं हो तुझं."

बातमाने मान खाली घातली. असानकानच्या तोंडात वाक्य तयार होतं, एकही शब्द इकडचा तिकडे नसलेलं. ते बाहेर पडलं असतं तर उद्यापासून अख्खं नारिन दुसरा खटका पाहायला मिठाई घेऊन आलं असतं, आणि परवा तो टोपीवाला.

"एखादी वायर सैल राहिली असेल," तो म्हणाला.

मेंढ्याच्या कमरेचं हाड मानाचं. ते थोरल्या आजोबांपुढे जायचं. कालीपाने ते स्वतः उचलून असानकानच्या ताटात ठेवलं.

"अगं, ते माझं ना?" आजोबा म्हणाले.

"वायर सैल राहिली म्हणून गाडी वाचली," कालीपा म्हणाली. "मग आजचा मान त्याचाच."

हे सगळ्यांना पटलं. असानकानने चाकू घेतला आणि कच्च्या कामाचं ते हाड अगदी पांढरं होईपर्यंत कोरून खाल्लं.