सनईवाले चाचा

सनईवाले चाचा वरातीपुढे उलटे चालायचे. पाठ रस्त्याकडे, तोंड नवरदेवाकडे. पांढरकवड्याच्या खाचखळग्यांच्या गल्ल्यांतून तासभर असे चालत, पण कधी अडखळले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "रस्ता तं रोजच पाहतो. नवरदेव आजच पाहाले भेटते." मोहल्ल्यात आम्ही सगळे हिंदी बोलायचो, चाचा मात्र सगळ्यांशी वऱ्हाडीच बोलत.

कुणाच्या घरी दुःख असलं, की त्या दारासमोर सनई खाली यायची. कापसाच्या पडत्या वर्षांत अशी दारं वाढली होती. एका लग्नात अशाच एका दारासमोर नवरदेवाचे मामा वाजवत राहा म्हणून अडून बसले. चाचा एवढंच म्हणाले, "फुकाले कोनालेही येते. थांबाले शिका लागते." ते ऐकून नवरदेव स्वतःच घोड्यावरून उतरला आणि ते घर ओलांडेपर्यंत पायी चालला.

माझे अब्बा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. जिनिंग बंद पडली, त्याच वर्षी ते आजारपणात गेले. माझ्या निकाहची तारीख त्यांनीच धरलेली. अम्मीने ती मोडली नाही, पण बाजा नको म्हणाली. चाचांना ते सांगायला मी गेलो.

निकाहच्या सकाळी चाचा धुतलेल्या शेरवानीत दारात हजर. सनई काखेत धरून वरातीपुढे चालू लागले. शेजारी ढोलकवालाही मुकाट. नवरीच्या गल्लीच्या तोंडाशी अम्मी बायकांमधून पुढे आली आणि हळूच म्हणाली, की भाईजान, इथून वाजवा, याच्या अब्बांना तुमची सनई फार आवडायची. चाचांनी सनई ओठांना लावली. सूर फुटेना. डोळे पुसून त्यांनी पुन्हा लावली, तेव्हा ती वाजली. अम्मी त्या दिवशी पोटभर रडली आणि कित्येक महिन्यांनी हसलीही.

पुढे डीजे आले. चाचांचे पुढचे दात पडले, सनई सुटली. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. इतकी वर्षं राहून गेलेलं बोललो, आभार मानले.

चाचा खाटेवर उठून बसले. "तुह्या बापाच्या वरातीत म्या पहिल्यांदा वाजवलं. मधातच चुकलो. थो घोड्यावरून मान डोलवत राह्यला, जसं काही हेच वाजवाचं होतं. लोकायले समजलंच नाही. आभार कायचे मानतं, बेटा? त्याच्यानंच म्या सनईवाला झालो."