चौथ्या नसेसाठी भांडलेल्या बाई

सत्कार समितीच्या पत्रकात आदरणीय निर्मलाबाईंना ‘शांत, सोशिक, मितभाषी’ म्हटलं आहे. वाचून डोकंच फिरलं माझं. अहो, कोणाबद्दल लिहिताय? वर्ध्यात मी ज्यांच्या हाताखाली अ‍ॅनाटॉमी शिकलो, त्या बाई पहिल्याच भेटीत आमच्यावर कडाडल्या होत्या. कवटीतून मेंदू काढताना आमच्या टेबलावर चौथी नस तुटली. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांत डोळा हलवणाऱ्या तीन: तिसरी, चौथी, सहावी. त्यांत चौथी सर्वांत बारीक, सुतासारखी. दरवर्षी पोरं तीच तोडतात. बाई म्हणाल्या, “मेलेला आहे म्हणून गप्प आहे बिचारा! जिवंतपणी ही गेली तर माणसाला जिना उतरणं कठीण होतं. कळलं का?”

पुढे मी त्यांच्याच विभागात नोकरीला लागलो. आणीबाणी उठली त्या वर्षी जाम गावचे महादेवराव बाईंकडे आले. एका सरकारी खात्यात जीप चालवत. पुलावरून पडून डोक्याला मार लागला, तेव्हापासून मान डाव्या खांद्याकडे कललेली. मानेला वजनं लटकवून झाली, पट्टे बांधून झाले. शेवटी डॉक्टरांच्या तपासणी मंडळाने ठरवलं, हे ढोंग आहे, घरी बसवा. घरात कमावणारे ते एकटेच.

“बाई, मान सरळ केली का एका रस्त्याचे दोन दिसते, एकावर एक,” ते रडवेले होऊन सांगत होते. “मले हौस आहे काय वाकडी मान घेऊन फिरायची? काऊन ढोंग करीन मी?”

बाईंनी त्यांना नाकाच्या शेंड्याकडे बघायला लावलं. उजवा डोळा नीट खाली उतरेना. चौथी नस! मान ठणठणीत होती. दोनाचं एक दिसावं म्हणून ते ती वाकडी धरत होते. आणि हे दीडशहाणे महिनोन्‌महिने मानच ओढत बसले! आज लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

बाई त्यांना घेऊन थेट मंडळापुढे गेल्या. मी सोबत होतो. अध्यक्ष हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही मुडदे सांभाळा, जिवंत आम्ही बघतो.”

बाईंनी रुमाल काढून महादेवरावांच्या उजव्या डोळ्यावर बांधला. एकाच डोळ्याने दोन कशी दिसणार? ती वाकडी मान हळूहळू आपोआप सरळ झाली. रुमाल सोडला, पुन्हा कलली.

“आता सांगा, ढोंगी कोण?” बाईंनी विचारलं.

जीप चालवणं सुटलं, पण नोकरी वाचली. खात्याच्या गोदामात काम मिळालं. दोन चित्रं जुळवणारा चष्मा करून घ्यायला बाई स्वतः त्यांच्यासोबत नागपूरला गेल्या. माफी मात्र कोणी मागितली नाही. उलट बाईंनाच विचारणा झाली, तुमचा अधिकार काय म्हणून!

आणि आता बाईंच्या साठीच्या सत्काराला प्रमुख पाहुणे कोण, तर त्या मंडळाचे तेच अध्यक्ष! लाज वाटायला हवी आपल्याला. महादेवरावांना कळवलं तर ते म्हणाले, “बाईले शाल मी देईन. त्या साहेबाच्या हातची नोको.”

समितीला माझं सांगणं एवढंच, शाल महादेवरावांच्याच हातून द्या. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागायचा पहिला हक्क त्यांचा आहे.