माडीवरच्या कॉम्प्युटरवर आलेली रेघ

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं. दोन्हीकडे गाव राखणाऱ्या देवचाराला रोटाचा नैवेद्य देतात, मीही पदर सावरून हात जोडते... पण ते घरच्यांसाठी. मी ईसीजी टेक्निशियन आहे. छातीला वायर लावायच्या, स्क्रीनवर रेघ बघायची, कागद काढायचा. त्या रेघेत हृदय कसं चाललंय तेवढंच दिसतं, बाकी काही नाही — असं मी अनेक वर्षं मानत होते.

डिचोलीत बाजारापासून जरा आत एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये मी कामाला आहे. नाव लिहीत नाही. गावातली जुनी माणसं त्यांना नुसतं 'दोतोर' म्हणतात. खाणी बंद पडल्यावरचा तो काळ. रस्त्याकडेला ताडपत्र्या घातलेले ट्रक उभे असायचे, आणि आमच्याकडे खाणवाल्यांऐवजी इंडस्ट्रियल इस्टेटमधले कामगार फिटनेस सर्टिफिकेटसाठी यायचे. बरेचसे कोल्हापूर-बेळगावकडचे.

आमचं ईसीजीचं मशीन म्हणजे एक लहानशी डबी. एका बाजूला पेशंटला लावायच्या वायर, दुसऱ्या बाजूला यूएसबीची केबल. ती कॉम्प्युटरला जोडली की स्क्रीनवर रेघ धावायला लागते. क्लिनिकमध्ये कॉम्प्युटर तीन होते. एक ईसीजीच्या खोलीत, एक शेजारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आणि एक माडीवर, जिथे रिपोर्ट टाइप करून प्रिंट काढायचे. डॉक्टरांचा गुडघा दुखायचा. रेघ बघायला दर वेळी उठून माझ्या खोलीत यायला त्यांना नको व्हायचं. म्हणून म्हापशाच्या नीलेशला बोलावलं. हा माझा मावसभाऊ, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्याने एक सॉफ्टवेअर घातलं. डबी माझ्या खोलीतच जोडलेली, पण नेटवर्कवरून तिन्हीपैकी कुठल्याही कॉम्प्युटरवर ती 'घेता' यायची.

"तिनांयचेर एकदम दिसचें ना रे?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"नाही डॉक्टर. एका वेळी एकालाच. तुम्ही केबिनमध्ये घेतलं की ताईच्या स्क्रीनवर बंद. तुम्ही सोडलं की मग दुसऱ्याला."

तसंच चालायचं. दिवसभर आमची आरडाओरड — "डॉक्टर, सोडा!" "सोडलं गो!" पेशंट हसायचे. मशीन दुसरीकडे असलं की माझ्या स्क्रीनवर 'डिव्हाइस वापरात आहे' अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची. एकाच वेळी दोन ठिकाणी रेघ मी कधीच पाहिली नव्हती.

तो दिवस अगदी साधा होता. दुपारच्या जेवणाआधीची वेळ, बाहेरची गर्दी ओसरलेली. सदाशिव नावाचा आजऱ्याकडचा एक कामगार आला. पस्तिशीचा, दणकट, फॅक्टरीत लोडिंगला. नवीन कंत्राटदाराला सर्टिफिकेट हवं होतं म्हणून आलेला. शर्ट काढून बेडवर पडला आणि म्हणाला, "ताई, लवकर उरका बगा. मला काय बी झालेलं न्हाई. उगंच ह्यो कुटाणा."

वायर लावल्या. नाडी जरा जलद होती. डॉक्टरांनी मशीन आपल्याकडे घेतलं आणि केबिनमधून हाक मारली, "दमून आलाय तो. पडू दे जरा. मागीर काढूया." तेवढ्यात त्यांना कुणाचा तरी फोन आला. सदाशिवला तसाच पडून राहायला सांगितलं आणि प्रिंटरचे कागद आणायला मी माडीवर गेले.

माडीवरच्या स्क्रीनवर रेघ चालू होती.

मला वाटलं, डॉक्टरांनी चुकून सोडलं असेल, इथं आपोआप जोडलं गेलं असेल. कागद काढता काढता सहज बघत होते. रेघ चांगली होती. मध्येच एकदम दोनदा खडबडीत गिचमीड झाली. पेशंट हलला की होते तशी. नंतर परत सरळ सुरू. मग एक ठोका वेगळाच आला... रुंद, वेडावाकडा. थोड्या वेळाने तसेच दोन, एकामागोमाग. मग काही मिनिटं परत नीट, आणि मग एक सबंध रांग. आणि मग रेघेला आकारच राहिला नाही. लहान मुलाच्या हातात पेन्सिल दिल्यासारख्या नुसत्या गिरगोट्या.

आणि मग सपाट.

हातातले कागद तिथेच टाकून मी जिना उतरले. पायात चप्पल होती की नव्हती, आठवत नाही. खोलीत शिरले तर सदाशिव आरामात छताकडे बघत पडलेला.

"काय ओ ताई? झालं व्हय?"

मी वायर तपासल्या. सगळ्या घट्ट. तडक केबिनमध्ये गेले. डॉक्टर अजून फोनवरच होते, आणि त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर रेघ छान चालली होती.

"डॉक्टर, तुम्ही मशीन सोडलं होतं?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. फोनवर हात ठेवून म्हणाले, "कित्याक?"

"वर... वर पण चालू आहे. आणि वर सपाट झालं."

"वायर सुटली आसतली." आणि ते परत फोनवर बोलायला लागले.

त्याच क्षणी पलीकडच्या खोलीत सदाशिव शिंकला. लागोपाठ दोनदा. डॉक्टरांच्या स्क्रीनवर दोनदा खडबडीत गिचमीड झाली.

मी तीच गिचमीड वर पाहून आले होते. अगदी तशीच. पहिली मोठी, दुसरी लहान.

मी स्क्रीनवरून नजर काढू शकत नव्हते. 'नको, नको' असं मनात चाललं होतं. आणि तो ठोका आला. रुंद, वेडावाकडा.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आता असेच दोन येणार. जोडीने."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हिला काय झालंय. मग स्क्रीनकडे पाहिलं. आणि दोन आले.

त्यांनी फोन खाली ठेवला. पलीकडचा माणूस बोलतच होता, त्याचा बारीक आवाज येत होता. डॉक्टर खूप हळू म्हणाले, "मागीर कितें येता, शुभा? सांग बेगीन."

"काही मिनिटांनी एक मोठी रांग. मग नुसत्या गिरगोट्या. आणि मग... संपलं."

साठीच्या घरातला हा माणूस, गुडघ्याने लंगडणारा... ते ज्या वेगाने उठले ते मी विसरणार नाही. शॉक द्यायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, सरकारी हॉस्पिटलात होतं. तिथपर्यंत गाडीने पाचेक मिनिटं. अँब्युलन्सची वाट बघायची नाही म्हणाले. त्यांची गाडी दारातच होती. आम्ही वायर ओढून काढल्या. सदाशिव उठून बसला.

"आवो काय चाललंय? मी येतो की चालत!"

"एक पाऊल टाकू नको," डॉक्टर त्याच्यावर ओरडले. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही गाडीपर्यंत ढकलत नेलं. उघड्या अंगावर शर्ट नुसता टाकलेला. गाडीत बसताना त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. मला म्हणाला, "ताई, मला कायतरी झालंय व्हय? बायकूला फोन करू का?" मी हो म्हणाले की नाही, देव जाणे.

गाडी गेली. क्लिनिकमध्ये मी एकटी उरले. ईसीजीच्या खोलीत जाऊन मी डबीची केबल कॉम्प्युटरमधून उपटून काढली. तिच्यावरचा हिरवा दिवा विझला. वायर रिकाम्या बेडवर लोंबत होत्या.

मग मी वर गेले. का गेले, सांगता येत नाही. जायला नको होतं.

स्क्रीनवर सपाट रेघ सरकत होती. मशीनच जोडलेलं नसताना सरकत होती. मी जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभी राहिले. पुढे जायची हिंमत नाही आणि पाठ फिरवायचीही नाही... किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि सपाट रेघेत एकदम एक मोठा उभा फटकारा आला. मग शांत. मग एक ठोका. मग दुसरा. मग हळूहळू नीट लय लागली. मी मोठ्याने रडायला लागले.

लय बराच वेळ नीट चालली होती, तेव्हा खालचा फोन वाजला. डॉक्टर होते. हॉस्पिटलच्या दारातच सदाशिव कोसळला. "शॉक दिला. आत्ताच तो परत आयलो," ते म्हणाले. "आत्ताच, शुभा. ह्याच मिनिटाक."

मी फोन ठेवून माडीवर गेले. कॉम्प्युटर बंद करायचा म्हणून. स्क्रीनवर सदाशिवची लय थांबली होती आणि तिच्या जागी दुसरीच सुरू झाली होती. ही बारीक, जलद, बाईमाणसाची असते तशी. दर काही ठोक्यांनी मध्ये एक अडखळ. मी ती जेमतेम काही क्षण पाहिली. पुढे काय होतं ते मला बघायचं नव्हतं. भिंतीतला प्लग खेचून काढला. स्क्रीन काळी झाली, आणि त्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसलं तशी मी तिथून पळाले.

नीलेश दुसऱ्या दिवशी येऊन सगळं तपासून गेला. कुठेच काही साठवलेलं नव्हतं. माडीवरच्या कॉम्प्युटरने त्या दुपारी मशीन घेतल्याची खूणसुद्धा नाही. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अगो ताई, समज दोन ठिकाणी दिसलं. समज काहीतरी बिघाड झाला. तरी ते उशिरा दिसेल. आधी कसं दिसेल?"

डॉक्टरांनी ते सॉफ्टवेअर काढायला लावलं. तेव्हापासून प्रत्येक ईसीजीला ते गुडघा धरत स्वतः उठून माझ्या खोलीत येतात. त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाच काढला. म्हणाले, "माझ्या डोळ्यांनी पळयलां म्हणून. दुसऱ्यान सांगिल्लें जाल्यार हांवें तुका वेडी म्हटलें आसतें."

सदाशिव वाचला. बरा झाल्यावर बायकोला घेऊन आला, गावाकडचा घनसाळ तांदूळ घेऊन. तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "ताई, तुमाला आदी कसं कळलं ओ?" मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "मशीनवर दिसलं." खोटं काहीच नव्हतं त्यात.

एवढ्या वर्षांत मला याचा अर्थ लागलेला नाही. इथे कुणाला लागला तर जरूर लिहा. एक माणूस वाचला, त्यामुळे घरचे म्हणतात, देवाचीच कृपा समज. समजते. पण ती दुसरी, बारीक अडखळती लय माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बेडवर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या रेघेत मी तीच शोधते. अजून सापडलेली नाही. चाळिशी उलटल्यापासून नवरा मागे लागलाय, दिवसभर दुसऱ्यांचे ईसीजी काढतेस, एकदा स्वतःचा काढून घे.

मी अजून काढलेला नाही.