कॅसेटींना दाखवलेलं ऊन

मे १९९८. बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस. मुरबाड, मावशीचं घर, पुढची खोली.

हजर: मी, माझा मावसभाऊ, मावशी आणि माझी आई. चौदा इंची टीव्ही. टीव्ही गेमचा डबा आणि त्याचे दोन रिमोट, पैकी एकाचं डावं बटण दाबलं की आतच बसून राहायचं. कॅसेटींची पत्र्याची पेटी. गैरहजर: वीज. वडील आणि काका जेवून विहारामागच्या आंब्याखाली आडवे झाले होते, त्यामुळे पुढे जे घडलं त्याचे ते साक्षीदार नाहीत.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. हाताच्या पंजात मावणारी पिवळी प्लास्टिकची वडी. ती डब्याच्या खाचेत खोचली की टीव्हीवर खेळ सुरू व्हायचा. खोचण्याआधी खालच्या पट्टीवर फुंकर मारायची. त्यानं काय होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण फुंकरीशिवाय कॅसेट खोचणारा माणूस मी शहापुरात पाहिला नाही आणि मुरबाडातही नाही.

भाऊ खेळाचा वेडा, मी चित्रांची. प्रत्येक कॅसेटवर एक चित्र चिकटवलेलं असायचं. आत टीव्हीवर चार ठिपक्यांचा माणूस उड्या मारायचा, पण वरच्या चित्रात त्याच माणसाला दंडाचे स्नायू, फाटका अंगरखा, मागे जळता किल्ला आणि धुरात अर्धवट दिसणारा राक्षस असं सगळं मिळालेलं असायचं. कुणीतरी बसून ते रंगवलं होतं. कोण, कुठं, ते कुठंच लिहिलेलं नसायचं. अक्षरं असली तरी आम्हाला वाचता न येणाऱ्या लिपीतली. मी माझ्या पद्धतीनं चित्रकार ओळखायचे. आधी आकाश बघायचं, मग हात. आमच्या पेटीतल्या तीन चित्रांचा चित्रकार एकच होता याची मला खात्री होती, कारण तिन्हींत माणसाचा डावा हात कशाच्या तरी आड लपवलेला होता. त्याला डावा हात काढता येत नसावा. त्या तिन्हींतलं सर्वांत देखणं चित्र लाल शिडाच्या जहाजाचं. हिरवा चंद्र, काळं पाणी, आणि सुकाणूवरचा माणूस, डावा हात दोरखंडामागे. आतला खेळही चांगला होता. खडकांमधून जहाज काढायचं, प्रत्येक टप्प्याला चंद्र थोडा वर यायचा. शेवटपर्यंत आम्ही दोघंही कधी पोचलो नव्हतो.

पेटी दोन्ही घरांची होती. आम्ही शहापूरचे; जवळच्या आसनगाव स्टेशनातून रोज कल्याणला नोकरीला जाणारे माझे वडील अधूनमधून एखादी कॅसेट आणायचे, एखादी काका आणायचे. पेटी आणि डबा दिवाळीपर्यंत आमच्याकडे, दिवाळीनंतर मुरबाडला. त्या वर्षी मात्र भावाचं म्हणणं पडलं की ताईचं आता कॉलेजचं शेवटचं वर्ष, मग नोकरी, तेव्हा सगळं कायमचं मुरबाडलाच राहू दे. मी म्हटलं होतं, पौर्णिमेला आले की बघून ठरवू. म्हणजे त्या दिवशी ठरायचं होतं ते एवढंच, की माझी चित्रं मी त्याच्या हवाली करू शकते की नाही.

वीज आली. मी पेटी पुढे ओढली.

भाऊ म्हणाला, "ताई, आधी खीर खा ना. कालची हाय, पन मुरून फर्स्टक्लास झालीय."

"खीर कुठं पळत नाही."

"मग पेटी तरी कुठं पळतेय?"

इथंच मला खटकलं. एरवी हा पेटी माझ्या हातातून हिसकायचा. आज त्याला खीर आठवत होती.

पेटी उघडली तर आतून मिरचीचा वास आला. आमच्या पेटीला डांबरगोळ्यांचा वास असायचा, तो नव्हता. चित्रांकडे बघितलं. कोपरे नको इतके सपाट बसलेले, आणि कडेला कुठं कुठं काहीतरी पांढरं सुकलेलं. मी बोलले काही नाही. संशय आला की तोंड उघडायचं नाही, आधी हातात काहीतरी घ्यायचं, ही माझी तेव्हापासूनची रीत. मी लाल शिडाचं जहाज घेतलं, फुंकर मारली, खोचलं.

टीव्हीवर रणगाडे आले.

"हे काय आहे?"

"रणगाडे," भाऊ म्हणाला.

"ते मला दिसतंय. जहाज कुठंय?"

"मला काय म्हाईत?" हे तो टीव्हीकडे बघत म्हणाला, माझ्याकडे नाही. मग त्यानं कॅसेट काढली, जोरात फुंकर मारली, पुन्हा खोचली. पुन्हा रणगाडे. "फुंकर नीट बसली नाय," तो म्हणाला.

आई भिंतीला टेकून वाल सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "फुंकरीनं जहाजाचा रणगाडा होतो का रे? मग जरा माझ्या शिलाई मशीनवर मार, मोटार लागली तर बघू."

कॅसेटींच्या बाबतीत एक चलाखी मला ठाऊक होती. पिवळं कवच सांध्यावर उचकटायचं, ज्यात खेळ असतो ती आतली हिरवी पट्टी काढायची आणि दुसऱ्या फालतू खेळाची पट्टी बसवून ते पुन्हा दाबून टाकायचं. वर चित्र तेच. घेणाऱ्याला घरी जाऊन कळायचं. आणि भाऊ गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसत होता, हेही मला ठाऊक होतं.

"दुकानात कुणाला दिली होतीस?"

"कुनाला नाय."

"बदलून घेतलीस?"

"ताई, तू पोलिसात जा. खरंच जा. भरती निघलीय."

"उत्तर दे."

"दिलं ना. नाय म्हटलं ना."

मी दुसरी कॅसेट लावली. चित्रात धनुर्धारी, टीव्हीवर मोटारींची शर्यत. तिसरीवर किल्ला आणि राक्षस, आत फुटबॉल. आता हा एका कॅसेटचा मामला राहिला नव्हता. आणि पेटीच्या तळाशी एक कॅसेट अशी निघाली की तिच्यावर चित्रच नव्हतं. नुसती पिवळी वडी.

माझा आवाज चढला असावा, कारण मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं गो बाय?"

"मावशी, कुणीतरी आमच्या सगळ्या कॅसेटी उघडल्यात."

"उघडल्या नाय कुनी. मी ऊन दाखवलं त्यांना."

मला नीट कळलं नाही. मावशी उंबऱ्यावरच बसली. तिच्या मते यात समजावण्यासारखं काही नव्हतं. मे महिना लागला की घरातल्या सगळ्या वस्तूंना पावसाआधी ऊन दाखवायचं: गाद्या, मिरच्या, वालाचे दाणे, लग्नातल्या साड्या. "गेल्या साली तूच बोललीस ना, पेटीत दमट होतं, चित्रांना बुरशी धरते. मग म्हटलं यांनापन दाखवू. मिरच्यांशेजारी गोठ्याच्या पत्र्यावर मांडल्या ओळीनं."

"पत्र्यावर? मेच्या उन्हात?"

"मग काय सावलीत ऊन दाखवू?"

पत्रा तापला, चित्रांचा गोंद सुटला आणि चित्रं वाळक्या पानांसारखी वळली. संध्याकाळी ती सगळी खाली आली. मावशीनं ती सुपात गोळा केली, मैद्याची खळ शिजवली आणि एकेक करून पुन्हा चिकटवली.

"कुठलं चित्र कुठल्या कॅसेटवर, ते कसं ठरवलंस?"

"सगळ्या वड्या सारख्याच पिवळ्या. जे जिथं शोभलं तिथं लावलं." आणि पदर सावरत, "एक चित्र वाऱ्यानं गेलं. मी मागं धावले, पन माझ्याआधी कोंबड्या पोचल्या."

आईला हसू आवरेना. वालाची टोपली बाजूला ठेवून ती डोळे पुसायला लागली. "अक्का, एवढं सगळं करून वर खळपन लावलीस!"

मला हसायला आलं नाही. मी एकेक कॅसेट लावून बघितली, कागदाच्या चिठ्ठीवर खेळाचं नाव लिहून रबरानं तिला बांधत गेले. एक सोडून सगळे खेळ निघाले. रणगाड्यांचं चित्र कुठंच नव्हतं, म्हणजे कोंबड्यांनी नेलं ते तेच. उरला लाल शिडाच्या जहाजाचा खेळ, आणि उरली ती बिनचित्राची कॅसेट. ती लावली. टीव्हीवर नुसती राखाडी मुरमुर. पुन्हा फुंकर, पुन्हा मुरमुर.

"तीच जहाजाची," भाऊ म्हणाला. "उन्हानं गेली."

हिशोब बरोबर होता. पण तो फार पटकन म्हणाला. मी कॅसेट खिडकीपाशी नेली. कवचाच्या सांध्यावर पात्याचा बारीक ओरखडा होता.

"हा कसला?"

त्यानं रिमोट उचलला आणि आत बसलेलं बटण नखानं उकरायला लागला.

"हा कसला रे?"

"चालत नव्हती म्हणून बघायला गेलो. उघडली नाय. जरा पातं लावलं नि सोडून दिलं."

"म्हणजे ती बंद पडलीय हे तुला आधीच माहीत होतं. आणि ही सरमिसळसुद्धा."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मग काय आईनं केलं म्हणून सांगू तुला? तू काय गप बसली असतीस?"

मावशी एव्हाना खिरीसाठी आत गेली होती. तिथून तिचा आवाज आला, "कोन गप बसत नाय?"

"कोन नाय गो आये. खीर आन."

हे सगळं खरं असू शकत होतं. आईच्या वेंधळेपणावर पांघरूण घालणारा मुलगा, तोंडपाटीलकी करणारी बहीण. पण दुसरंही तितकंच जुळत होतं. सरमिसळ झालेली बघून याला संधी मिळाली, जहाजाची पट्टी दुकानात गेली आणि रिकाम्या कवचात काहीतरी कचरा भरला गेला. मी कॅसेट हातावर तोलून पाहिली. हलकी वाटली. आईकडे दिली. तिला जड वाटली. खीर घेऊन आलेल्या मावशीनं तोलून सांगितलं की तिला काहीच वाटत नाही.

"उघड की मग इथंच," भाऊ म्हणाला. "सुरी आनू?"

मी नको म्हटलं. कवच फुटेल, असं कारण दिलं. ते कारण खोटं नव्हतं.

दुपारच्या एसटीला तो आम्हाला स्टँडवर सोडायला आला. पेटी मी परत न्यायची ठरवली होती; उचलली त्यानंच. सरळगाव, किन्हवली करत शहापूरला जाणारी गाडी लागली, तेव्हा त्यानं पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "डबा?"

"डबा नि रिमोट राहू दे तुझ्याकडे."

"कॅसेटी नाय तर डब्याचं काय करू, ताई?"

मी म्हटलं, बघू. गाडी सुटली. आई म्हणाली, "आणि तू कॅसेटींचं काय करणार? लोणचं?" त्या दिवसापासून आमच्या घरी न खेळता येणारे खेळ होते आणि मुरबाडला खेळ नसलेला डबा. पुढच्या दिवाळीला ने-आण करायचं कुणी काढलं नाही.

पुढची दहा वर्षं थोडक्यात. मला शहापुरातच नोकरी लागली. भावानं मुरबाडात संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं, चार संगणक मांडून खेळायचीही सोय केली. माझा नाद सुटला नाही. भंगारवाल्यांकडच्या कॅसेटी, वेफरच्या पाकिटांतून निघणाऱ्या खेळांतल्या पात्रांच्या चकत्या, बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या मूर्ती, परदेशी मासिकांतली पोस्टरं, सगळं खोक्यांत, खोक्यांवर चिठ्ठ्या. कुठलीही वस्तू आली की मी आधी सांधा बघते, मग कोपरे, मग वास घेते. कल्याणच्या एका विक्रेत्यानं मला विचारलं होतं, मॅडम, तुम्ही घ्यायला आलात की धाड टाकायला?

आणि यातल्या निम्म्या वस्तू भावानं पाठवलेल्या आहेत. त्याच्याकडे जुना माल आला की तो वर्तमानपत्रात गुंडाळून ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचा, मी शहापूर स्टँडवर घ्यायचे. गुंडाळीवर पेननं लिहिलेलं असायचं: तपासून घे. एकदा त्यात एका कॅसेटवर डावा हात ढालीमागे लपवलेला योद्धा निघाला. माझ्याच चित्रकाराचा, चौथा. आकाश आणि हात बघायची माझी पद्धत मी त्याला एकदाच, लहानपणी सांगितली होती. त्यानं ती ध्यानात ठेवून ते चित्र निवडलं की योगायोगानं आलं, हे मी विचारलं नाही. योद्ध्याचा सांधा मात्र तपासला. कोरा होता.

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तो घरी आला, तेव्हा कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला. "ती बिनचित्राची हाय अजून?"

"आहे."

"दे. पाच मिनिटं लागतील. पट्टीवर नंबर छापलेला असतो, त्यावरून खेळ कळतो. जहाजाची असली तर माझ्या पाया पड, नसली तर मी पडतो."

"इथं पाहुणे आहेत."

"मग दुकानात घेऊन ये. तिथं माझं सामान हाय, कवचालापन काय होणार नाय. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा द्यायची, सांधा नरम पडतो."

"येईन."

"तू येशील म्हणतेस, मी लिहून ठेवू का?" तो हसला आणि जेवायला बसला.

मी मुरबाडला त्यानंतर अनेकदा गेले. मावशीच्या आजारपणात गेले, ती गेली तेव्हा गेले, भावाच्या मुलाच्या बारशाला गेले. दर वेळी सामानाची यादी केली आणि दर वेळी कॅसेट कपाटात राहिली. पट्टीवरचा नंबर जहाजाचा निघाला तर इतकी वर्षं मी कुणाचे सांधे तपासत होते, आणि नाही निघाला तर त्यानं पाठवलेल्या त्या सगळ्या वस्तूंचं काय करायचं, या दोहोंची सोय मी अजून केलेली नाही.

या आठवड्याची कामं: गॅसचा नंबर लावणे, झाला. कौलं चाळून घेणे, झाली. लेकीची फी भरणे, भरली. कॅसेट घेऊन मुरबाडला जाणे आणि ती त्याच्यासमोर उघडणे. हे मागच्या आठवड्याच्या कामांतून उतरवून घेतलंय, आणि अजून बाकी आहे.