हडळीची मागची बाजू

वसंतअण्णा आज सकाळी गेले आणि आमची हडळ अर्धीच राहिली.

वाक्य विचित्र आहे, कळतंय मला. पण सकाळपासून एका जागी बसवत नाहीये आणि दुसरं काही सुचतही नाहीये.

अण्णा आमच्या वरच्या मजल्यावरचे. मूळचे निपाणीचे. होसकोटेच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचे, समोरून, बाजूने, मागून.

रिटायर होऊन इथे येलहंक्याला, आमच्या बिल्डिंगमध्ये आले आणि माझ्या नादाने भुतांकडे वळले.

मराठी-कन्नड मुलखातल्या भुतांचा सचित्र कोश. मजकूर माझा, चित्रं त्यांची.

सुरुवातीला मी त्यांना युरोपातल्या जुन्या सैतानकोशांचे पीडीएफ दाखवले. आधी त्यात नुसती नावं आणि वर्णनं असायची. एकोणिसाव्या शतकात एका कोशात चित्रं आली आणि तेव्हापासून जो तो तीच उचलतोय. तेच मुकुट, तेच पंख. पार व्हिडिओ गेमपर्यंत.

अण्णांनी सगळं स्क्रोल करून चष्मा काढला.

"ह्यातल्या एकालापण पाठ नाही बघ."

"म्हणजे?"

"सगळे फोटोला उभारल्यासारखे. मागनं कसे दिसतात ते कोण काढायचं? असलं ड्रॉइंग आमच्या साहेबानं तोंडावर फेकलं असतं."

म्हातारा हट्टी, पण मुद्दा बरोबर होता. आपली हडळ समोरून साधी बाई असते. मागून पाठ पोकळ, आतली हाडं दिसतात. मागची बाजू नसेल तर ती हडळच नाही.

मग प्रत्येक भुताची दोन चित्रं, हा नियम झाला. अख्खी बिल्डिंग मॉडेल म्हणून कामाला लावली. खवीस म्हणजे आमचे सेक्रेटरी (त्यांना अजून माहीत नाही). जखीण मी.

"स्वल्प सरळ बस की गं. जखीण कुबड काढून बसत नाही."

हडळीसाठी सुमनअक्का बसल्या. अण्णांची बायको.

समोरचं चित्र झालं. काय चित्र आहे ते! कपाळावर आलेली बट, आणि डोळ्यांत 'आटपा लवकर, गॅसवर आमटी आहे.'

मागचं काही होईना. मी दर रविवारी भुणभुण लावायचे. ते म्हणायचे, उद्या.

मग हॉस्पिटल. तिथेही मी विचारलंच.

"तिची पाठ पोकळ करायला हात होईना गं."

आज दुपारी स्मशानातून परत आलो आणि प्रकाशकाचा मेसेज. 'फार वाईट झालं. फाइल प्रेसला जायचीये. मागची बाजू एआयकडून करून घेऊ या का? त्यांच्याच स्टाइलमध्ये. कुणाला कळणार नाही.'

इतकी चिडले की गच्चीवर नुसती येरझाऱ्या घालत राहिले. हो म्हणायचं नव्हतं. नाही म्हटलं तर त्या पानावर नुसता अक्कांचा चेहरा, खाली नाव हडळ. सकाळी नवरा गेलेल्या बाईला हे कोणत्या तोंडाने विचारायचं?

खाली अक्कांकडे गेले तर त्यांनीच विचारलं, "पुस्तकाचं काय ठरलं?"

सांगितलं सगळं. हॉस्पिटलमध्ये अण्णा काय बोलले तेही.

अक्कांनी माझा फोन घेऊन त्यावरचं हडळीचं चित्र बघितलं.

"मला म्हणायचे, उजेड बरोबर मिळत नाही. कितीदा पाठ करून बसले मी."

मग फोन माझ्या हातात दिला.

"आहे तेवढंच छाप."

"अक्का, लोक म्हणतील नवऱ्याने बायकोला हडळ केलं."

"कुठं केलं? करायला जमलं नाही म्हणून तर राहिलं ना."

आणि तेव्हा, दिवसभरात पहिल्यांदा, त्या रडल्या. मीही.

प्रकाशकाला कळवलंय. हडळीच्या पानावर एकच चित्र जाईल.

अण्णा, नीट जा. आम्ही आहोत अक्कांजवळ.