चाळीस नको, आठ

“रांग किती झाली?” सावंत सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“अकराशे,” मी म्हटलं.

परळच्या एका हॉस्पिटलचे ईमेल आमचं ऑफिस सांभाळतं. येणारा प्रत्येक मेल आधी आमच्या सिक्युरिटी सर्व्हरवर थांबतो. तिथे तो उघडून तपासला जातो, व्हायरस नसेल तरच पुढे जातो. तपासणारे हात म्हणजे थ्रेड्स. एका वेळी किती हात चालवायचे, ती मर्यादा आम्ही घालतो. सकाळी मेल थोडे तुंबले, म्हणून सरांच्या सांगण्यावरून मी ती आठवरून चाळीस केली होती.

दोन वाजता स्पीकरवर हॉस्पिटलच्या सर्जन मॅडम. “दादरच्या लॅबने रिपोर्ट कधीच पाठवलाय. लेखी रिपोर्टशिवाय पेशंटला आत घेता येत नाही. रात्रीपासून उपाशी आहे ती. चारनंतर मला थिएटर नाही.”

तो एक मेल मी हाताने पुढे ढकलून पाहिला होता. तोही अर्ध्यात अडकला.

“साठ कर,” सर म्हणाले.

मी आकडा तसाच ठेवला. मराठीत वाद घालायचा तर मला शब्द उशिरा सापडतात. इंग्रजीत घातला तर सर मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. एसीच्या गुणगुणण्यात सगळं दूर, पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. रांगेचा आकडा भरतीसारखा आवाज न करता चढत होता. खिडकीतून समोरची मालवणी खानावळ दिसत होती. आत चार बाकं रिकामी, तरी काकी दारात हात आडवा धरून उभी. तिचं रोजचं वाक्य मला न ऐकताही ऐकू आलं: “थांबा रे, बसून काय ताट चाटणार? तवो एकच आसा.”

मी सर्व्हरची मेमरी उघडली. संपलेली. प्रत्येक थ्रेड आपापली जागा अडवून बसला होता. चाळीस मेल उघडे, एकही पुरा नाही. तपासणीची ठरलेली वेळ संपली की प्रत्येक मेल परत रांगेच्या शेवटी.

“सर, परत आठ करते.”

“रांग वाढतेय आणि तू हात कमी करतेस? गणित कुठे शिकलीस गं, कॉन्व्हेंट?”

“हात चाळीस आहेत, सर. तवा एकच आहे.”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेही तिथेच जेवतात. “कर. पण नाही चाललं, तर मॅडमना फोन तू करायचास.”

फोनची मला सर्व्हरहून जास्त भीती. मी आकडा बदलला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. रांग बाराशेवर, तिथेच. मग अकराशे नव्वद. अकराशे ऐंशी. ओहोटी लागली. लॅबचा मेल मी पुन्हा पुढे घेतला.

तीन वीसला मॅडमचा फोन आला. “मिळाला. घेतेय आत.” लगेच कट.

तेव्हापासून थ्रेड्स वाढवण्याआधी मी मेमरी बघते. तशी सूचना मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर होती. तीही इंग्रजीत.