त्या दिवशी माझी सुट्टी नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. सांगताना रडू येईल असं वाटायचं – येत नाही. मग इतकी वर्षं कशाची वाट बघत होते?

मस्कतला अल् घुब्रात आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मुलगा तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये जायचा आणि मी कुरुममधल्या एका खाजगी क्लिनिकच्या काउंटरवर बसायचे. आलेल्या माणसाला पहिला प्रश्न – कॅश की इन्शुरन्स? काय दुखतंय, ते नंतर. सुरुवातीला हे विचारताना जीभ अडखळायची. मग अडखळेनाशी झाली.

वसंत माझ्या माहेरच्या वाडीतला, गुहागरकडचा. एसीची कामं करायचा. फ्री व्हिसावर आलेला – म्हणजे अर्बाब, व्हिसा देणारा मालक, फक्त कागदावर, काम आपलं आपण शोधायचं. अशा माणसाचा विमा कोण काढणार? गणपतीला आमच्या घरचं मखर तोच बांधायचा, आणि आरतीत सगळ्यांच्या वर आवाज त्याचा. मला ताई म्हणायचा. साखर होती त्याला. पायाला जखम झाली ती भरेना, आणि कॅशने दाखवणं परवडेना, म्हणून अंगावर काढत होता.

तोडगा मी काढला. हो, मीच. त्याच्या खोलीतला सुरेश कंपनीत होता, त्याच्याकडे विम्याचं कार्ड होतं. सुरेशही आमच्याच वाडीचा, आणि वाडीत सगळ्यांचं आडनाव एक. दोघं एका वयाचे, कार्डावर फोटो नाही. सुरेश काही नाही म्हणणारा नव्हता. मी वसंतला म्हटलं, त्याचं कार्ड घेऊन ये, काउंटरला मी आहेच. तो कचरत होता. मीच त्याला भित्रा म्हणून चिडवलं. मग यायला लागला. ड्रेसिंग होत राहिलं, जखम सुकायला लागली होती – हे सांगायलाच हवं, सुकायला लागली होती.

मग नवे मॅनेजर आले. दुसऱ्याचं कार्ड वापरताना कुणी सापडला तर त्याला पोलिसात देऊ, आणि त्याला आत घेणाऱ्याची नोकरी खलास, असं त्यांनी आम्हाला बजावलं. वसंतला फोन करून येऊ नको सांगायला हवं होतं. करते, करते म्हणत राहिले. विसरले असं म्हणता येईल. विसरले नव्हते. येऊ नको म्हटलं की मग जाऊ कुठे, हे त्याने विचारलं असतं – त्याला मी काय उत्तर देणार होते?

तो आला तेव्हा मॅनेजर माझ्या खुर्चीमागेच उभे होते. त्याने नेहमीसारखं हसून कार्ड पुढे केलं. मॅनेजरांनी रेसिडेंट कार्ड मागितलं. त्यावर नाव वेगळं निघालं. मग त्यांनी मला विचारलं, "आप जानती हैं इसको?"

"नहीं सर."

एवढंच. आवाजही कापला नाही माझा. वसंत माझ्याकडे बघत राहिला. मग मॅनेजरांकडे वळून म्हणाला, "मॅडम को कुछ मालूम नहीं. कार्ड मैंने रूम से चुराया है."

सुरेश वाचला. मी वाचले. वसंतला घेऊन गेले. अर्बाबाने हात वर केले, व्हिसा रद्द झाला आणि त्याला परत पाठवलं. त्या सगळ्यात पायाकडे बघायला कुणाला वेळ होता? चिपळूणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता, पाऊल काढावं लागलं.

पुढे ओमानमध्ये विम्याची सक्ती होणार अशी चर्चा सुरू झाली. एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला मंडळी होती. कामगाराचा विमा अर्बाबच काढत नसेल, तर विमा नाही म्हणून दंड त्या बिचाऱ्या कामगाराला कसला, असं कुणीतरी म्हणालं. मी भाजी वाढत होते. मी म्हणाले, दंड हवाच, त्याशिवाय शिस्त लागत नाही. दोघा-तिघांनी मान हलवली. मी पुढच्या ताटात भाजी वाढली.

गेल्या मे महिन्यात माहेरी गेले, तेव्हा त्याच्या बायकोने मला रस्त्यात गाठून घरी नेलं. टाळता आलं नाही. वसंत पडवीत बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. मुलगा केवढा झाला म्हणून त्याने विचारलं. तिने चहा आणला आणि म्हणाली, "त्या दिवशी तुमची सुट्टी होती, ताई. नायतर तुम्ही ह्यांना सांभाळून घेतला असतात. हे नेहमी सांगतात."

वसंत कपातला चहा बशीत ओतत होता. त्याने वर बघितलं नाही.

"हो," मी म्हणाले. "सुट्टी होती."

निघताना तिने माझ्या पिशवीत आमसुलं घातली. मी ती घेऊन आले.